ह्युरॉनच्या आधीचं राजकोट

ज्योती सीएनसी ही राजकोटची, संगणकावर चालणारी धातुकामाची मशीन (सीएनसी) बनवणारी कंपनी 'ह्युरॉन घेतली म्हणून' मोठी झाली, असं कुणीतरी लिहिलंय. अर्धंच खरं. 2007 मध्ये ह्युरॉन ही जुनी फ्रेंच मशीन कंपनी घेतल्यावर पाच अक्षांच्या (पाच दिशांनी हालचाल करणाऱ्या) मशीनचं ज्ञान आणि युरोपातली ओळख मिळाली, मान्य. पण राजकोटात डिझेल इंजिनांमुळे फाउंड्र्या (धातूचं ओतकाम करणारे कारखाने) आणि हात बसलेले कारागीर आधीपासून होते. आणि मशीनचा पायाच ओतकामाचा: बेडचं (मशीनच्या बैठकीचं) ओतकाम नीट मुरलेलं, म्हणजे आतला ताण निघून गेलेलं, नसेल तर वर कितीही भारी कंट्रोलर (मशीन चालवणारा संगणक) बसवा, सहा महिन्यांत त्यावर बनणाऱ्या शाफ्टला वीस-तीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) टेपर येतोच, म्हणजे एक टोक दुसऱ्यापेक्षा जाड होतं. (भोसरीत भोगलंय, मशीन दुसऱ्या कंपनीचं होतं.) ज्योतीला शेअर बाजारात यायला मात्र जानेवारी 2024 उजाडला; 1000 कोटींचा इश्यू (शेअर विक्री), त्यातला मोठा वाटा कर्जफेडीला.