नोकरी सांभाळून ईश्वरविज्ञान (थिऑलॉजी) शिकता येतं का?

गड्डीगोदामवाला
नमस्कार. मी नागपूरला पोस्टात आहे, वय 51. पाळक नाही, व्हायचंही नाही. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) उपासना झाली की पोरांचा वर्ग घेतो, बारा-पंधरा जण असतात. मागच्या महिन्यात बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा 14वा अध्याय चालू होता, येशूच्या अटकेच्या रात्रीचा. आठवीतली एक पोरगी म्हणे, "काका, येशू देवच आहे ना? मग गेथशेमाने बागेत तो प्रार्थना कोणाला करत होता? स्वतःलाच?" मी म्हटलं, बेटा, ते त्रैक्याचं रहस्य आहे, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव. ती गप्प बसली, पण तिच्या तोंडावरून समजलं की काकाला येत नाही. आणि खरंच येत नाही. तीस वर्षं विश्वासांगीकार, म्हणजे उपासनेतली श्रद्धेची कबुली, पाठ म्हणतोय, राजेहो!

आता शिकायचं आहे. सुट्टी मिळत नाही, इंग्रजी जेमतेम. सेमिनरी हिल्सला फिरायला जातो तेव्हा वाटतं आत जाऊन विचारावं, पण तिथलं सेंट चार्ल्स कॉलेज तर फादर होणाऱ्यांसाठी. माझ्यासारख्यानं कुठं जावं?

जुनी_सदरकर
दादा, बंगालमधल्या सेरामपूरचं पाहा. 1818 साली मिशनरी विल्यम केरी आणि त्यांच्या सोबत्यांनी काढलेलं कॉलेज, 1827 च्या डॅनिश राजाच्या सनदेवर आजही ईश्वरविज्ञानाच्या पदव्या देतं. तिथल्या सिनेटचे ख्रिस्ती अध्ययनाचे अभ्यासक्रम नोकरी करणाऱ्यांना घरी बसून करता येतात. फॉर्म भरायच्या आधी परीक्षेचं माध्यम मात्र नक्की विचारा. सिव्हिल लाइन्सला एनसीसीआयचं, म्हणजे भारतातल्या चर्चांच्या राष्ट्रीय परिषदेचं, कार्यालय आहे, तिथं एकदा डोकावून या, माहितीतलं कोणीतरी भेटेल.

पेन्सिलवाली
पदवी नंतर. आधी त्या पोरीचं उत्तर द्या ना!

तिचा प्रश्न नवीन नाही. 325 साली निकियाला बिशपांची परिषद भरली, तिथं ठरलं की पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. 451 ला खाल्सेदोनच्या तशाच परिषदेत ठरलं की एकाच व्यक्तीत पूर्ण देवपण आणि पूर्ण माणूसपण आहे. मग भांडण लागलं की त्याच्या इच्छा किती, एक की दोन? सम्राटाला साम्राज्यात शांतता हवी होती, म्हणून 648 ला फर्मानच काढलं की हा विषय बोलायचा नाही. मॅक्सिमस नावाचा एक मठवासी बोलत राहिला. त्यानं बोट ठेवलं ते नेमकं गेथशेमानेवर. "माझ्या इच्छेप्रमाणे नको" हे वाक्य खरं असेल, तर येशूला माणसाची खरी इच्छा असलीच पाहिजे, आणि ती पित्यापुढे वाकली. प्रार्थना स्वतःला नाही, पुत्र पित्याला करतोय, तीही माणसाच्या गळ्यातून. या हट्टापायी म्हाताऱ्याची जीभ कापली, उजवा हात तोडला. 662 ला तो हद्दपारीत मेला. 680-81 च्या परिषदेनं तीच शिकवण मान्य केली.

आणि हा मॅक्सिमस दीक्षित याजक नव्हता. म्हणजे तुमच्याच रांगेतला.

विश्वासू_63
जास्त वाचलं की विश्वास ढिला होतो, असं आमचे वडील म्हणायचे. प्रार्थना करा, पुरे.

पेन्सिलवाली
काका, ना. वा. टिळक याच नागपूरहून राजनांदगावला निघाले होते, रेल्वेत एका साहेबानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते जे अडकले ते अडकलेच, पुढे ख्रिस्ती झाले. वाचूनच झालं की सगळं.

जुनी_सदरकर
सुरुवात ग्रंथांनी नका करू, झोप येईल. मार्क घ्या, सोबत निकियाचा विश्वासांगीकार. एकेका ओळीपुढे विचारा की हे कोणाला उत्तर म्हणून लिहिलं होतं? "उत्पन्न केलेला नव्हे" ही ओळ अरियस नावाच्या याजकाला उत्तर होती. तो म्हणायचा, पुत्र नव्हता असा काळ होता. भांडण कळलं की वाक्य जिवंत होतं.

गड्डीगोदामवाला
सर्वांचे आभार. विश्वासू काका, तुमच्याशी भांडण नाही, आमचे बाबाही तसेच होते.

काल वर्गात मॅक्सिमसची गोष्ट सांगितली. जिभेचं ऐकून पोरं एकदम चूप. ती पोरगी मात्र म्हणे, "म्हणजे तो खरंच घाबरला होता?" मी उत्तर दिलं नाही, त्याच अध्यायाची 33वी ओवी, येशू व्याकूळ झाला ती, तिलाच मोठ्यानं वाचायला लावली. तिनं दोनदा वाचली.

सेरामपूरला चिठ्ठी टाकली आहे. पोस्टातला माणूस, रजिस्टर्डच केली.