उन्हाळी सुट्टीआधीचा शेवटचा आठवडा आणि जूनची तयारी : खान्देशातील शिक्षकांचे अनुभव

प्राथमिक शिक्षिका, जळगाव जिल्हा

आपल्याकडे मार्चपासून शाळा सकाळची होते आणि १ मेच्या निकालाची कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत पारा ४४ अंशांकडे सरकलेला असतो. त्या उन्हात दप्तर बंद करून घर गाठावेसे वाटणे स्वाभाविक आहे. तरीही जूनमध्ये वर्ग उभा करायला जे लागते, ते मुलांची ओळख ताजी असतानाच लिहून ठेवावे लागते, असे माझे ठाम मत झाले आहे. संकलित मूल्यमापनाच्या श्रेणीवरून मूल कुठवर पोहोचले ते कळते. ते नेमके कुठे अडते, हे श्रेणीत दिसत नाही. म्हणून मी प्रत्येक मुलासाठी तीन-चार ओळी लिहिते : हातच्याची वजाबाकी जमते, पण वरच्या संख्येत शून्य आले की चुकते, जोडाक्षर वाचते, पण लिहिताना तोडते, मागे बसल्यास फळा दिसत नाही. ही वही मी पुढच्या वर्गशिक्षकांच्या हाती देते. आपण काय करता, ते कृपया सविस्तर लिहावे.

प्राथमिक शिक्षक, धडगाव तालुका

आमच्या पाड्यावरची मुले घरी पावरी बोलतात आणि पहिलीचे पुस्तक प्रमाण मराठीत असते. माझ्या पहिल्या वर्षी एक मूल पोट दुखत असल्याचे सांगत होते आणि मला ते समजले नाही. तेव्हापासून एप्रिलमध्ये चौथीच्या मुलांना सोबत घेऊन मी पावरी शब्दांची यादी देवनागरीत लिहितो : भूक, तहान, दुखणे, भीती, शौचाला जाणे, आई कुठे गेली. दरवर्षी तिच्यात भर पडते. नवीन शिक्षक रुजू झाले की पाठ्यपुस्तकाआधी ही यादी त्यांच्यापुढे ठेवतो.

दुसरे काम अधिक कठीण आहे. ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेली कुटुंबे हंगाम संपवून परततात, तेव्हा आमचे वर्ष संपत आलेले असते. त्या मुलांना जूनमध्ये पाहू, असे म्हणणे सोपे असते, पण मी त्यांना तेव्हाच शाळेत बोलावतो, काय विसरले आणि काय टिकले ते तपासतो आणि सुट्टीत घरी वाचता येतील अशी दोन पुस्तके देतो. स्थलांतराच्या ठिकाणी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून आधीच शिक्षण हमी कार्ड दिलेले असले, तरी तिकडे एखाद्या शाळेत ते मूल खरोखर बसले होते का, हे त्याच्याशी बोलल्यावरच समजते.

विज्ञान शिक्षिका, माध्यमिक विद्यालय, रावेर तालुका

प्रयोगशाळेविषयी थोडेसे. आम्लांच्या बाटल्यांची बुचे तपासून त्या उन्हापासून दूर, खालच्या कप्प्यात ठेवाव्यात. पुसट झालेली लेबले पुन्हा लिहावीत. संपलेल्या रसायनांची यादी एप्रिलमध्येच मुख्याध्यापकांकडे द्यावी, नाहीतर पहिले प्रात्यक्षिक ऑगस्टवर जाते.

मुख्याध्यापिका, जिल्हा परिषद शाळा, अमळनेर तालुका

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावात झोके बांधले जातात, माहेरवाशिणी येतात आणि बहुतेक घरांत माणसे भेटतात. पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांच्या घरी अंगणवाडी सेविकांसह जाण्यासाठी मला हाच काळ सर्वांत योग्य वाटतो. जन्मतारखेची नोंद आणि आधारवरील नावाचे स्पेलिंग आम्ही तिथेच पडताळून घेतो, कारण जनरल रजिस्टरमध्ये चुकलेले नाव दहावीच्या गुणपत्रिकेपर्यंत पाठलाग करते. त्या मुलांशी मी अहिराणीतच बोलते. ‘आठे ये’ (इकडे ये) म्हणून हाक मारणाऱ्या बाईंच्या शाळेत यायला मूल बिचकत नाही.

प्राथमिक शिक्षक, धुळे जिल्हा

बदलीनंतर मी एका शाळेत रुजू झालो, तेव्हा माझ्या हाती केवळ हजेरीपत्रक आणि कपाटाची किल्ली आली. वर्गातील एक मुलगी हाक मारल्यावर ओ देत नसे आणि मी तिला बेपर्वा समजून दोन महिने रागावत राहिलो. तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही, हे ऑगस्टमध्ये तिच्या आजीने सांगितले. आधीच्या शिक्षकांना ते ठाऊक होते. मात्र कुठेही लिहिलेले नव्हते. त्या दोन महिन्यांची बोच मला आजही आहे.

यंदा ती चौथी उत्तीर्ण होऊन दुसऱ्या शाळेत जात आहे. वरच्या चार ओळींच्या वहीची कल्पना वाचून मी आज तिच्या नव्या वर्गशिक्षकांसाठी पत्र लिहिले : पहिल्या रांगेत, भिंत तिच्या डावीकडे राहील अशी जागा द्यावी, सूचना देताना तिच्याकडे तोंड करून बोलावे, गणित उत्तम आहे.