पावसाळ्यात रोज सायकलने कामावर: पेडल कुठलं आणि पायात काय?

भाट्येकर

रत्नागिरीत भाट्ये ते मिरजोळे एमआयडीसी, एका बाजूने साधारण ८ किमी, आठवड्याचे सहा दिवस. सायकल गिअरची, क्रँक (पेडलं ज्यांच्या टोकाला बसतात ते हात) अ‍ॅल्युमिनियमचे. पेडलं सायकलबरोबर आली तीच, गुळगुळीत प्लास्टिकची. उन्हाळ्यात काही अडत नाही, पण पाऊस लागला की शहराकडच्या चढावर उभं राहून मारताना पाय पुढे सरकतो. पायात ऑफिसचे लेदरचे बूट असतात. घरचे म्हणतात गमबूट घे.

विचारायचं ते असं: पेडल बदलायचं तर कुठलं? क्लिपवाली, म्हणजे बूट अडकवायची, पेडलं आपल्या पावसात चालतात का? आणि पाय कोरडे राहतील असे बूट आहेत का?

सडा_वळण

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं त्यावर ठरतं. पाय कोरडे राहणार नाहीत. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. वॉटरप्रूफ बुटात पाणी तळातून शिरत नाही, ते पायावरून ओघळून वरच्या तोंडातून शिरतं आणि मग बाहेर पडायला वाट नसते. गमबुटाचंही तेच, शिवाय तो जड, घोट्याला वाकत नाही, आणि त्याची टाच पेडलच्या कडेला अडकते. थंड देशांत बूट बंद ठेवावा लागतो, कारण ओला पाय गारठतो. आपला पाऊस कोमट आहे. तेव्हा आलेलं पाणी लगेच निघून जाईल असंच पादत्राण बघा.

म्हणजे मागे पट्टा असलेले पावसाळी सँडल किंवा जाळीचे हलके बूट. घेताना सोल हातात धरून वाकवून बघा. चवड्याशी थोडा वाकला तर चालेल, मध्ये कागदासारखा दुमडला तर नको. तासाभरात तळवा दुखायला लागतो. सोलची नक्षी उथळ हवी. ट्रेकिंगच्या बुटासारखे खोल खाचे असले तर पेडलच्या पिना खाचांत हरवतात आणि पकड मिळत नाही. समोरून बोटं झाकलेली असतील तर उत्तम, कारण पाण्याखालचा खड्डा दिसत नाही आणि पाय टेकवायची वेळ येतेच. साधी रबरी चप्पल नकोच. मागे पट्टा नसल्यामुळे ती चढावर पायातून सुटते.

आता पेडल. नायलॉनचं रुंद सपाट पेडल घ्या, साधारण १०० × १०० मिमीचं, स्क्रूने बसवलेल्या धातूच्या पिना असलेलं. पिना त्याच प्लास्टिकातून ओतलेल्या असतील तर एका पावसात झिजून गुळगुळीत होतात. नायलॉनला खाऱ्या हवेचं काही होत नाही, पिनांना होतं. बहुतेक पिना म्हणजे एम ४ ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे, ४ मिमी जाडीचे). गंजल्या तर ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या बसवा. ३०४ पेक्षा त्या मिठाला जास्त टिकतात. मिरकरवाड्याकडे बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानांत विचारून बघा. पिना खालून घालायच्या असतील तर आणखी बरं, कारण वरचं टोक चेपलं तरी खालून पाना लागतो.

दुकानात पेडल बोटाने फिरवून बघा. भिंगरीसारखं गरगर फिरणारं पेडल चांगलं, असं दुकानदार सांगेल. बहुतेक वेळा त्याचा अर्थ आत पाणी अडवणारं सील नाही आणि ग्रीसही नावालाच आहे. किंचित जड, एकसारखं फिरणारं घ्या.

तिरफळ

क्लिपवाल्या पेडलांबद्दल. बुटाच्या तळाला क्लीट नावाचा तुकडा लागतो, तो पेडलमध्ये अडकतो. दोन जाती आहेत. तीन बोल्टच्या मोठ्या प्लास्टिक क्लीटवाली रोड पेडलं या कामाची नाहीत. क्लीट सोलच्या बाहेर असतं, ओल्या फरशीवर चालणंच धोक्याचं. दोन बोल्टचं एसपीडी (शिमानो कंपनीच्या पद्धतीचं) क्लीट सोलच्या खाचेत बसतं, त्या बुटांनी ऑफिसात चालता येतं. पायाची जागा ठरलेली राहते, त्यामुळे ओल्यात पाय सरकण्याचा प्रश्नच मिटतो.

शिमानोचं पीडी-ईएच ५०० बघा: एका बाजूला एसपीडी, दुसऱ्या बाजूला पिनांचं सपाट. बाजारात जायचं तर सँडल घालूनही चालतं. बरोबर येतं ते क्लीट टाच बाजूला वळवूनच सुटतं की वर ओढूनही, हे विचारून घ्या. शिकताना वर ओढूनही सुटणारं एसएच ५६ बसवा आणि पेडलचा ताणाचा स्क्रू ३ मिमी अ‍ॅलन कीने सर्वांत सैल ठेवा.

आपल्याकडची खरी अडचण लाल माती. जांभ्याची माती ओली झाली की क्लीट आणि सोलच्या मध्ये लिंपल्यासारखी बसते. मग क्लीट अडकत नाही, किंवा अडकलं तर सुटत नाही, आणि दुसरं पहिल्यापेक्षा वाईट. डांबरी रस्त्याने गेलात तर त्रास नाही. अंगणातून चिखल तुडवत येत असाल तर बसण्याआधी पेडलच्या कडेवर सोल दोनदा आपटा.

क्लीटचे बोल्ट बसवतानाच ग्रीस लावून ५ ते ६ न्यूटन मीटरला आवळा, आणि डोक्यातला ४ मिमीचा खळगा मेणाने बुजवा. नाहीतर खळग्यात वाळू आणि गंज भरतो, अ‍ॅलन की आत बसत नाही, आणि क्लीट बदलताना बोल्ट ड्रिलने काढावा लागतो. टाच पूर्वीपेक्षा जास्त वळवावी लागायला लागली की क्लीट झिजलं असं समजा.

सडा_वळण

तिरफळ यांचं बरोबर आहे, पण ८ किमी शहरातल्या रहदारीत, त्यात मारुती मंदिरासारख्या चौकात दर मिनिटाला पाय टेकवायचा, तर मी सपाटच सांगेन. एसपीडीचे बूट बंद असतात. संध्याकाळी भिजलेला बूट दुसऱ्या सकाळपर्यंत आपल्या दमट हवेत वाळत नाही. मग दोन जोड लागतात.

लेदरचे बूट मात्र ऑफिसातच ठेवा. भिजवून चुलीजवळ किंवा हीटरसमोर वाळवले तर चामडं तडकतं आणि सोलचा डिंक सुटतो. कुठलाही बूट वाळवायचा तर आतला सुखतळा काढून घ्या, वर्तमानपत्र कोंबा, दोन तासांनी बदला, आणि पंख्याखाली ठेवा.

आगळ

पायाबद्दल थोडं, कारण चार महिने रोज ओलं म्हटलं की चिखल्या होणारच. पोचल्यावर आधी पाय साध्या पाण्याने धुवा, मग बोटांच्या बेचक्या एक-एक करून पुसा. नुसता पाय पुसून भागत नाही. ऑफिसात कोरडी चप्पल ठेवा. सुती मोजे पाणी धरून ठेवतात, सायकलवर ते नकोत. सिंथेटिक पातळ मोजे किंवा मोजेच नाहीत. बेचकीत पांढरं होऊन खाज सुटली तर बुरशीचं मलम लगेच सुरू करा, खाज थांबली तरी मध्येच सोडू नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पिनांचं पेडल सटकलं की नडगीला ओरखडा येतो. एरवी त्याचं कोणी मनावर घेत नाही, पण लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) अशाच जखमेतून शिरतो, आणि रस्त्यावर साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असू शकतं. ओरखडा आला तर साबणाने धुऊन वॉटरप्रूफ पट्टी लावा, ती सुटली की बदला. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर घरी गोळ्या घेत बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन पायाला जखम होती आणि साचलेल्या पाण्यातून गेलो होतो, हे स्वतःहून सांगा.

मधुमेह असेल तर उघडे सँडल नकोतच. पायाला संवेदना कमी असली तर जखम कळत नाही.

भाट्येकर

सगळ्यांचे आभार. सपाट नायलॉन आणि जाळीचे बूट ठरवतो. जुनी पेडलं काढायला गेलो तर उजवं आलं, डावं हलतही नाही. जोर लावू का?

छर्रे_कप

थांबा, आधी दिशा बघा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. तुम्ही उजव्यासारखंच फिरवत असाल तर ते आवळत चाललंय. लक्षात ठेवायला सोपं: दोन्ही बाजूंना पान्याचं वरचं टोक मागच्या चाकाकडे गेलं की पेडल सुटतं, पुढच्या चाकाकडे गेलं की आवळतं.

दिशा बरोबर असूनही हलत नसेल तर पेडलचा स्टीलचा दांडा अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकमध्ये धरलाय. मीठ आणि ओल मिळाली की या दोन धातूंच्या मध्ये पांढरी भुकटी तयार होते आणि आटे जाम होतात. क्रँकच्या आतल्या बाजूने गंज सोडवणारं तेल घाला, रात्रभर राहू द्या. सकाळी क्रँकच्या टोकावर उकळतं पाणी ओता; अ‍ॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावतं, पकड सैल होते. सायकल जमिनीवर उभी, चेन पुढच्या मोठ्या चाकीवर, म्हणजे पाना सटकला तर दाते हाताला लागत नाहीत. १५ मिमीचा लांब पाना लावा, मूठ मागे करून खाली दाबा, पलीकडचं पेडल कोणाला तरी धरायला सांगा. झटके नकोत, वजन टाका. काही पेडलांना पान्यासाठी जागाच नसते, तिथे क्रँकच्या मागून ६ किंवा ८ मिमीची अ‍ॅलन की लागते. मागून बघताना दिशा उलटी वाटते, तिथे बरेच जण चुकतात.

नवं घेण्याआधी जुन्या पेडलच्या आट्यांची जाडी मोजा. साधारण १४ मिमी भरली तर ९/१६ इंच, तुमचं तेच असणार. १२.७ मिमीच्या आसपास भरली तर १/२ इंच, ते एकसंध स्टीलच्या क्रँकचं.

बसवताना क्रँकचे आटे जुन्या ब्रशने साफ करा आणि बोटींसाठी मिळणारं, पाण्याने न धुपणारं ग्रीस भरपूर लावा. दांड्यावरचं एल आणि आर बघा. पहिले चार-पाच फेरे हातानेच फिरले पाहिजेत. अडलं तर काढून पुन्हा लावा. पान्याने रेटलं की अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात आणि क्रँकच बदलावा लागतो. शेवटी ३५ ते ४० न्यूटन मीटर.

पावसात पेडल आतूनही मरतं. पाऊस सुरू व्हायच्या आधी एकदा आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास एकदा काढून ग्रीस बदला. छर्ऱ्यांचं असेल तर ताटात धरून उघडा, छर्रे मोजून ठेवा, डिझेलने धुवा, कपात (छर्रे फिरतात त्या वाटीत) खड्डे पडलेत का ते बघा. कोन (छर्रे दाबून धरणारा शंकूसारखा नट) हलणं थांबेपर्यंत आवळून पाव फेरा मागे घ्या, मग कोन धरून ठेवूनच लॉकनट आवळा. धुण्याच्या सेंटरवरचा जेट पेडलवर मारू देऊ नका, सीलमधून पाणी आत जातं.

एक राहिलं: पिनांच्या पेडलांना बहुधा रिफ्लेक्टर नसतात. ढगाळ संध्याकाळी वर-खाली होणारा पिवळा ठिपका मागच्या गाडीवाल्याला लांबून कळतो, तो जातो. क्रँकच्या मागच्या कडेला आणि बुटांच्या टाचेला चमकपट्टी चिकटवा.