मदत हवी आहे: नेरूळला दारासमोरच्या उन्हातल्या वाफ्यात बुटका हायड्रेंजिया, कोणती जात?

दारचं_अंगण
नेरूळला रो-हाऊस आहे. दारासमोर वाफा आहे, त्यात हायड्रेंजिया लावायचेत. गुडघ्याच्या वर फार जायला नकोत, मागे खिडकी आहे. ऊन भरपूर. नेटवर बोबो, लिटल लाइम अशी नावं दिसतात. इथल्या नर्सरीत नुसतं "हायड्रेंजिया" म्हणून निळ्या-गुलाबी गेंदांची कुंडी मिळते आणि विचारलं की "सगळीकडे चालतं" म्हणतात. कोणती जात घेऊ? गणपतीत घरी माणसं येतात, तोवर वाफा भरलेला हवा. नेमकं सांगा प्लीज, "माती चांगली ठेवा" असं मोघम नको.

पानाफुलांत
ऊन भरपूर म्हणजे कधीचं? सकाळी १० पर्यंतचं आणि दुपारी १ ते ५ चं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दाराचं तोंड कुठे? वाफ्याची लांबी, रुंदी, खोली? खाली माती आहे की बिल्डरचा भराव? एवढं कळल्याशिवाय जात सांगण्यात अर्थ नाही.

कुंडीवाले_काका
वाफ्यात लावूच नका. १२ इंची कुंडीत ठेवा, पूर्वेच्या सज्जात. कळ्या धरलेलं रोप आणायचं, सकाळचं दोन-तीन तास ऊन, दुपारी पूर्ण सावली, माती कधी कोरडी पडू द्यायची नाही. फुलं बरेच आठवडे टिकतात. ठाण्या-मुंबईत हायड्रेंजिया होतच नाही म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

नीलमोहर
निळा रंग हवा असेल तर मातीचा सामू (आम्लता दाखवणारा pH) ५.५ च्या खाली ठेवावा लागतो, तरच मुळांना ॲल्युमिनियम मिळतं. ६.५ च्या वर गेला की गुलाबी. तुरटीचं पाणी घालतात ते याचसाठी. त्याबरोबर हाडांचा चुरा मात्र घालू नये, त्यातलं फॉस्फरस ॲल्युमिनियमला बांधून ठेवतं आणि रंग येत नाही. पांढऱ्या जाती यातल्या कशानेही निळ्या होत नाहीत.

दारचं_अंगण
@नीलमोहर, रंगाचं विचारलेलं नाही हो. @पानाफुलांत, दार पश्चिमेला. वाफा १२ फूट बाय अडीच फूट. ऊन दुपारी साडेबारापासून मावळेपर्यंत. खाली काय आहे ते खणलं नाही, वरची चार बोटं लाल माती दिसते. आता जात सांगा.

मुळांपासून
पश्चिमेचं साडेबारानंतरचं ऊन म्हटल्यावर उत्तर सरळ आहे: तिथे कोणताच हायड्रेंजिया नको. का ते सांगतो, म्हणजे नर्सरीत कोणी गळ्यात मारणार नाही.

नर्सरीतला गेंदवाला तो मॅक्रोफायला. त्याच्या कळ्या आदल्या हंगामात, जुन्या काडीवर धरतात. त्यासाठी कित्येक आठवडे रात्रीचं तापमान १८ अंशांच्या खाली लागतं आणि धरलेली कळी पुढे नीट फुलायला १० अंशांच्या खालची थंडी लागते. उटी, दार्जिलिंगला हे आपोआप होतं. नेरूळला जानेवारीत थोडे दिवस गारवा येतो आणि जातो. म्हणून आणलेलं रोप एकदा फुलतं, पुढच्या वर्षी नुसती पानं.

बोबो आणि लिटल लाइम या पॅनिक्युलाटा या दुसऱ्या प्रकारच्या हायड्रेंजियाच्या जाती. त्या नव्या फुटव्यावर फुलतात, ऊन सोसतात, बोबो तीन फुटांतच राहतो. नेटवर लिहिलंय ते खरं आहे, पण ते थंड देशातलं ऊन. हिवाळ्यात पानं गाळून झोपणारं झुडूप ते, आपल्याकडे त्याला झोपायला हिवाळाच नाही.

आणि दुपारची पानं. हायड्रेंजियाचं पान मोठं आणि पातळ, त्यातून पाणी जातं त्या वेगाने मुळं ओढू शकत नाहीत. माती ओली असतानाही दोन वाजता झाड मान टाकतं. लोक ते बघून परत पाणी घालतात आणि मुळं कुजवतात. पान मलूल दिसलं की आधी दोन इंच खाली बोट घालून बघायचं. तिथे ओल असेल तर पाण्याला हात लावायचा नाही.

कुंडीवाले_काका
मी वाफ्यात लावा म्हटलंच नव्हतं. कुंडीत पूर्वेला जमतं, हे मी परत म्हणतो.

मुळांपासून
काका, फुललेली कुंडी आणून हंगामभर ठेवणं आणि झाड वाढवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली जमते, मान्य. यांचा वाफा मात्र पश्चिमेला आहे आणि त्यांना तो कायमचा भरायचाय.

वाफेवाली
गेंदासारखी भरगच्च फुलं, बुटकं झाड, दुपारचं ऊन. यावर माझं मत बुटका एक्झोरा, पुढे पेंटास.

लहान पानांचा एक्झोरा दीड-दोन फुटांवर राहतो, कडक ऊन त्याला हवंच असतं. तुमच्या १२ फुटांत आठ रोपं बसतात: दोन्ही टोकांना ९ इंच सोडा, मध्ये दीड-दीड फुटाचं अंतर. ही ओळ भिंतीपासून एक फूट पुढे घ्या. तिच्या पुढे एक फुटावर पेंटास, दोन एक्झोरांच्या मधल्या जागेसमोर एकेक, म्हणजे सात. पेंटासचे गुच्छ चेंडूसारखे गोल येतात आणि फुलपाखरं येतात ती वेगळीच. सुकलेला गुच्छ खालच्या पानांच्या जोडीपर्यंत कापत राहायचा, नाहीतर झाड लांबट होतं.

मे महिन्यात लावू नका. पाऊस नीट बसला की जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात एक्झोरा लावा. गणपतीपर्यंत भरलेला दिसायला हवा तर ६ इंची पिशवीतलं रोप घेऊ नका, खालपासून फांद्या फुटलेलं १० इंची पिशवीतलं घ्या. पेंटास मात्र नवरात्रानंतर. जुलैच्या संततधारेत कोवळा पेंटास मुळाशी कुजतो.

दारचं_अंगण
मग गणपतीत पुढची ओळ मोकळी दिसेल ना! निळं काही नाही का? हायड्रेंजियाचा निळाच रंग आवडला होता.

नीलमोहर
निळा प्लंबॅगो लावा. भर उन्हात फुलतो, रंग अगदी आकाशी. पण मोकळा सोडला तर तीन-चार फूट पसरतो आणि आडवा पडतो. नव्या फुटव्यावर फुलतो, त्यामुळे दर बहरानंतर एक तृतीयांश छाटला तरी फुलं कमी होत नाहीत, उलट वाढतात. वाफ्याच्या एका टोकाला दोन रोपं पुरे.

सानपाडा_हिरवं
हायड्रेंजियासारखंच हवं तर हजारी मोगरा लावा ना. पांढरा-गुलाबी गच्च गेंद, वासही छान, फुकट मिळतो.

वाफेवाली
कृपा करून नको! मुळांतून फुटवे काढत सगळा वाफा व्यापतो, एकदा लागला की काढणं मुश्कील. शिवाय त्याला थोडी सावली लागते. डोम्बियाचंही कोणी सुचवायच्या आत सांगते, गेंद सुंदर पण झाड माणसाच्या उंचीच्या वर जातं, खिडकीसमोर नको.

ठिबक_ठिबक
जे काही लावाल त्याला ठिबक करा. १२ फुटांना १६ मिमीची एक नळी, दर झाडाला तासाला २ लिटर देणारा ड्रिपर, उन्हाळ्यात सकाळी ४५ मिनिटं. हाताने पाणी घालून कधीच सारखं पडत नाही.

मुळांपासून
ठिबक नंतर. आधी वाफा खणा. नवी मुंबईत अशा वाफ्यांखाली बहुतेक मुरूम आणि डबर निघतं. एक फूट खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासाला निदान एक इंच उतरलं पाहिजे. उतरलं नाही तर खाली खणत बसू नका, वाफा सहा इंच वर उचला. १२ × २.५ × ०.५ म्हणजे १५ घनफूट, सुमारे ४२५ लिटर मिश्रण. त्यात निम्मी लाल माती, पाव भाग जुनं शेणखत, पाव भाग भाताचा तूस. कोकोपीट कमीच, पावसाळ्यात पाणी धरून बसतं. उतार घराकडून बाहेर.

आणखी एक. भिंतीच्या सिमेंटातला चुना मातीत उतरतो आणि एक्झोराला आम्ल माती लागते. नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. युरिया घालून ती जात नाही. चिलेटेड लोह लिटरला एक ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारायचं.

पानाफुलांत
वाफ्यावर एसीचं आउटडोअर युनिट वगैरे नाही ना?

दारचं_अंगण
आहे. उजव्या टोकाला, जमिनीपासून दोन फुटांवर. त्याने काय होतं?

पानाफुलांत
सगळं होतं. त्याच्या जाळीतून येणारी गरम कोरडी हवा थेट झाडावर बसते, पानांच्या कडा भाजतात आणि लोक बुरशी समजून औषध मारत बसतात. तोंडासमोरच्या तीन फुटांत एक्झोराही नको. म्हणजे आठ नव्हे, सहा रोपं घ्या. एसीचं ठिबकणारं पाणी मात्र बादलीत धरा, त्यात क्षार जवळजवळ नसतात, एक्झोराला चांगलं.

कुंडीवाले_काका
त्या तीन फुटांत थाई युफोर्बिया मिली ठेवा. गरम हवा सोसतो, गुच्छ गोल येतात, दोन फुटांत राहतो. पण कुंडीतच, म्हणजे पावसाळ्यात छपराखाली सरकवता येतो. काटे आहेत आणि चीक डोळ्यांना वाईट, घरात लहान मूल असेल तर दारापासून लांब.

वाफेवाली
काकांशी सहमत. प्लंबॅगो मग डाव्या टोकाला, पहिल्या एक्झोराच्या जागी. एक्झोरा पाचच राहिले.

सानपाडा_हिरवं
पावसात आफ्रिकन गोगलगायी येतात, त्यांचं काय? पेंटासची कोवळी पानं रात्रीत संपतात.

ठिबक_ठिबक
गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याच्या कडेला पसरा. पहाटे खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचला आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ मातीत अजिबात टाकू नका, झाडं जातील.

दारचं_अंगण
दुकानात गोगलगायीच्या गोळ्या मिळतात त्या चालतील का? घरात कुत्रा आहे.

मुळांपासून
पुडक्यावर मेटाल्डिहाइड लिहिलेलं असेल तर नको, कुत्र्याला ते घातक आहे. गोणपाटावरच भागवा. आणि एक्झोरा घेताना पान मोजा. दोन इंचांच्या आत असेल तर बुटका. चार-पाच इंचांचं पान असलेला साधा एक्झोरा पिशवीत तेवढाच दिसतो, पण दोन-तीन वर्षांत तुमच्या खिडकीपर्यंत जातो.

दारचं_अंगण
पाच लहान पानांचे एक्झोरा, दोन प्लंबॅगो, एक युफोर्बिया कुंडीत, पेंटास नवरात्रानंतर. रविवारी खड्डा करून पाणी भरतो, किती उतरलं ते इथेच लिहितो.