हातावरून बाण सोडताना पिसं बोटाला कापतायत, काय करावं?

मृगनक्षत्र_नाशिक
नमस्कार मंडळी. चार महिने झाले ट्रॅडिशनल तिरंदाजी करतोय. फायबरग्लासचा हॉर्सबो (घोडेस्वारांच्या पद्धतीचं आखूड धनुष्य) आहे, ओढायला ३५ पौंडाचा, त्याला शेल्फ म्हणजे बाण टेकवायची खाच नाही, त्यामुळे बाण डाव्या मुठीवरच ठेवायचा आणि तिथूनच सोडायचा. ओढतो तीन बोटांनी, बाण धनुष्याच्या डावीकडे. बाण लाकडी, पिसं टर्कीची, ४ इंची. पहिले तीन महिने काही त्रास नव्हता, पण गेल्या दोन रविवारी तर्जनीच्या मुळाशी चिरा पडतायत, आणि परवा तर पिसाच्या दांड्याची एक बारीक काडी कातडीत घुसली ती चिमट्याने काढावी लागली. जिथे शिकतो तिथले म्हणतात सवय होईल, कातडी जाड होते. पण आता बाण सोडायच्या आधीच हात आकसतो आणि नेम जातो. ग्लोव्ह घेऊ का? की माझं धरणंच चुकतंय? सहा बाण आहेत, सगळे एकाच दुकानातले.

बांबूवाली_ताई
सवय वगैरे होत नाही रे, आणि होऊही द्यायची नाही. मी मुलांना इंडियन राउंड शिकवते, बांबूचं धनुष्य, ३० आणि ५० मीटर, तिथे हे रोजचं आहे. तुझ्याच लिहिण्यात उत्तर आहे बघ, तीन महिने काही नाही आणि आता अचानक, म्हणजे हात तोच आहे, बाण बदललाय. पिसाचं पुढचं टोक, जे बाणाच्या फाळाकडे असतं, तिथला गोंद सुटलाय आणि दांडा केसभर वर आलाय. बाण सुटला की तेच टोक आधी तुझ्या बोटावरून जातं. पिसाची मऊ बाजू सहसा कापत नाही, ती दबते. कापतो तो दांडा.

आज एक कर. प्रत्येक बाण घे आणि कापसाचा बोळा फाळाकडून नॉककडे (बाणाच्या मागच्या टोकाची खाच, जी दोरीत बसते) पिसांवरून हलकेच ओढ. जिथे कापसाचे तंतू अडकतील तो बाण बाजूला. बोटाने तपासू नकोस, तेच तर कापलंय. आणि काडी घुसली होती ना, टिटॅनसचं इंजेक्शन झालंय का बघ, जागा लाल होऊन ठणकत असेल तर डॉक्टरला दाखव, तुकडा आत राहिलेला असू शकतो.

जर्सीकर_धनुर्धर
ताईंशी पूर्ण सहमत. मी न्यू जर्सीत राहतो, इथे लाँगबोवाल्यांकडून (लांब, साधं इंग्लिश धनुष्य वापरणारे) शिकलो ते लिहितो. दुरुस्ती दोन भागांत आहे. आधी पिसाच्या पुढच्या टोकाचा दांडा बारीक पॉलिश पेपरने घासून उतरता कर, शेवटचे ५-६ मिमी असे की टोक बाणाच्या काडीत विरून गेलं पाहिजे, पायरी राहायला नको. मग त्यावर दोरा गुंडाळ. रेशमी किंवा पॉलिस्टरचा बारीक शिलाईचा दोरा चालतो. सुरुवात पिसाच्या पुढे ५ मिमी नुसत्या काडीवर करायची आणि वेढे एकाला एक चिकटवत मागे येत दांड्याच्या पहिल्या ३-४ मिमीवर चढायचं. वर फेविक्विकचा पातळ हात. सुकल्यावर पुन्हा कापूस फिरव, कारण वाळलेल्या गोंदाचा थेंबही कापतो, हे मला रक्त काढूनच कळलं.

हे काही नवीन नाही. मेरी रोझ नावाचं इंग्लिश जहाज १५४५ साली बुडालं आणि १९८२ मध्ये वर काढलं, त्यात हजारो बाण सापडले, त्यांचीही पिसं दोऱ्याने बांधलेली होती. शेल्फ नसलेल्या धनुष्याच्या बाणाला दोरा हवाच असं माझं ठाम मत आहे.

अंगठा_आणि_दोरी
बाणाचं सगळं बरोबर आहे पण दोरी तपासली का कोणी? नॉकिंग पॉइंट, म्हणजे बाण दोरीवर कुठे लावायचा त्याची खूण, आहे का तुझ्या दोरीवर? नसेल तर प्रत्येक वेळी बाण वेगळ्या उंचीवर लागतो आणि खाली लागला की शेपूट मुठीवर आपटून जाते. बाण दोरीशी काटकोनात धर, नॉक जिथे येतो तिथून साधारण १ सेंमी वर लावून बघ, दोरा गुंडाळून खूण कर. दुसरं म्हणजे बाण पडू नये म्हणून तर्जनी वर उचलून त्याला वेढतोस का? नवीन लोक हमखास करतात. मूठ सैल, बोट खाली.

मी अंगठ्याने ओढतो, म्हणजे बाण धनुष्याच्या उजवीकडे आणि डाव्या अंगठ्यावर, त्यामुळे मला तिथे कापायचं. ग्लोव्हला मी नाही म्हणणार नाही. क्यूदोत, म्हणजे जपानी तिरंदाजीत, डाव्या हातासाठी खास ग्लोव्ह असतो, ओशिदेगाके म्हणतात, अंगठ्याच्या मुळाला पिसं लागू नयेत म्हणून. एवढी जुनी परंपरा हात झाकते तर आपण लाज का बाळगायची.

बांबूवाली_ताई
ग्लोव्ह घालू दे, जखम भरेपर्यंत तर घालायलाच हवा. पण मुलांना मी आधी ग्लोव्ह देत नाही, कारण मग सुटलेलं पीस लक्षातच येत नाही. आणि बाण हातात घेतलाच आहेस तर लाकडी काडी हलकीशी वाकवून, फिरवून बघत जा, कान देऊन. करकर ऐकू आली किंवा चीर दिसली तर तो बाण तिथेच मोडून टाक, पुन्हा चुकूनही दोरीवर जायला नको. पिसाने चिरा पडतात, पण फुटलेला बाण हाताच्या आरपार जाऊ शकतो.

मृगनक्षत्र_नाशिक
सगळ्यांचे मनापासून आभार, काल संध्याकाळी बसून सगळं केलं. सहापैकी दोन बाणांना कापूस अडकला, दोन्हीत खालच्या बाजूला येणारं पीसच सुटलेलं, तेच बोटावरून जात असणार. एकाच्या काडीला नॉकजवळ बारीक चीर दिसली, तो मोडला. नॉकिंग पॉइंट नव्हताच. तो केला, दोरा गुंडाळला, पातळ चामड्याची पट्टी बोटाला लावून आज सकाळी ४० बाण सोडले, एकदाही लागलं नाही आणि हात आकसला नाही. फक्त दोऱ्याचं शेवटचं टोक कसं संपवायचं ते जमत नाहीये, गाठ मारली की तिचाच उंचवटा होतो.

जर्सीकर_धनुर्धर
गाठ मारायचीच नाही. शेवटचे सात-आठ वेढे राहिले की दुसऱ्या दोऱ्याचा एक फास काडीवर आडवा ठेव, त्याचं वळण दांड्याच्या बाजूला, टोकं पुढे. त्याच्यावरूनच उरलेले वेढे घे, मग दोऱ्याचं टोक फासात ओव आणि फासाची दोन्ही टोकं ओढ, शेपूट वेढ्यांखालून बाहेर येईल. घट्ट ओढून ब्लेडने कापून टाक आणि मगच गोंद लाव.