बॅलरॉगला पंख आहेत का?

मालक, बॅलरॉग म्हणजे टोल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ कादंबरीतला आग आणि सावलीचा राक्षस; पूल तुटून तो दरीत कोसळतो. ‘पंख असते तर दरीत पडला कसा?’ हा मुद्दा कच्चा आहे. पंख असले म्हणजे उडता येतंच असं नाही. खरा घोळ पहिल्या खंडातल्या (१९५४) त्या पुलाच्या प्रसंगात आहे. आधी त्याच्याभोवतीची सावली दोन पंखांसारखी पसरते, आणि थोडं पुढे तेच पंख थेट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत! पहिली उपमा निसटली की वाचकाच्या डोक्यात वटवाघूळ तयार.

चित्र काढताना ठाशीव एवढंच ठेवा: माणसासारखा पण मोठा आकार, पेटलेली आयाळ, उजव्या हातात ज्वालेसारखी तलवार, डाव्यात अनेक शेपट्यांचा चाबूक. पंखांना हाडं-शिरा नकोत, कोळशाने काढून कडा बोटाने पुसट करा. सोलापूरच्या गड्डा यात्रेत शोभेच्या दारूकामात होम मैदानावरचा धूर खालून उजळतो, तसं दिसलं पाहिजे. शिंगं सिनेमावाल्यांची, मूळ मजकुरात नाहीत.