जिनवालं मीटर ११.४ वर ठाम, माझं ८.७ ते १०.३ नाचतं, खरं कोणाचं?

चोपडा_कापूस
राम राम मंडळी. मागच्या आठवड्यात कापसाची ट्रॉली जिनिंगवर (सरकी काढायच्या कारखान्यात) नेली, सकाळी सातलाच नंबर लावला. तिथल्या माणसाने वरून चारदा मॉइश्चर (ओलाव्याचा टक्का) बघितलं, ११.४, ११.५, ११.४, ११.५, अन् त्या हिशोबाने भाव कापला. मी यंदा स्वतःचं मीटर घेतलंय, आदल्या दिवशी दुपारी भरताना सहा ठिकाणी बघितलं होतं तर ८.७, १०.३, ९.१, ९.९, ८.९, १०.१. त्यांना दाखवलं तर म्हणे दादा तुमचं मीटर नाचतं, आमचं बघा कसं एकसारखं येतं. मला काही बोलताच आलं नाही. सीसीआयमध्ये (सरकारी कापूस खरेदी) पण ८ च्या वर टक्क्याटक्क्याला कपात अन् १२ च्या वर माल परत, म्हणजे दोन टक्के लहान गोष्ट नाही. दर रिडिंगनंतर मीटर जुळवायचा स्क्रू फिरवून पण बघितला, अजूनच बिघडलं.

दालमिल_लॅब_जळगाव
भाऊ, एकसारखं येणं म्हणजे बरोबर येणं नव्हे. पारड्याखाली चिंच चिकटवलेला ताजवा शंभरदा तोलला तरी शंभरदा तेवढंच खोटं दाखवतो, अगदी एकसारखं. तुमच्या सहाची सरासरी ९.५ येते, आकडे पसरलेत कारण तुम्ही सहा वेगळ्या ठिकाणचा माल बघितला, कापूसच सगळीकडे सारखा नसतो. त्यांनी चारही वेळा एकाच जागचा बघितला मग फरक पडणार कसा? अन् ट्रॉली रात्रभर उघडी होती का? दहिवर पडतं सध्या.
आता करायचं असं की एकच मूठ दोन्ही मीटरमध्ये घाला, मग मीटरचा फरक वेगळा अन् जागेचा वेगळा निघतो. आणि ५० ग्रॅम कापूस ओव्हनमध्ये १०५ डिग्रीवर ठेवा, वजन उतरायचं थांबेपर्यंत. समजा ४५.३ उरला, तर पाणी ४.७. ते ५० ने भागलं तर ९.४ टक्के, पण कोरड्या ४५.३ ने भागलं तर १०.४. कापूस तोच, पाणी तेवढंच! त्यांचं मीटर कुठला टक्का दाखवतं ते आधी विचारा.

पाइपवाला_एमआयडीसी
स्क्रूला हात लावू नका दादा. आमच्याकडे पाइपची जाडी जरा इकडेतिकडे झाली की ऑपरेटर लगेच मशीन फिरवायचा अन् त्याने फरक वाढायचा. नेहमीचा चढउतार कुठला अन् खरंच बिघाड कुठला हे ओळखायला श्यूहार्ट नावाच्या अमेरिकन माणसाने १९२४ मध्ये कंट्रोल चार्ट काढला, तो आम्ही आजही भरतो.

चोपडा_कापूस
दुसऱ्या ट्रॉलीला करून बघितलं. ट्रॉली उघडीच होती रात्री, वरचा थर माझ्याच मीटरवर १०.५ च्या आसपास अन् हात घालून आतला काढला तर ९.५. मग पाच मुठी दोन्ही मीटरमध्ये घातल्या, त्यांचं दरवेळी साधारण १ ने जास्त. डब्यातलं पुस्तक काढायला लावलं, ते कोरड्या वजनावरचाच टक्का दाखवतं! मागचे पैसे गेले ते गेले, पण या खेपेला आतला माल बघूनच भाव लागला. ताडपत्री घेतली आता. सहाच्या जागी किती ठिकाणी बघावं?

दालमिल_लॅब_जळगाव
सरासरीचं हलणं निम्मं करायला चौपट लागतात, म्हणजे २४. पण ट्रॉलीला दहा-बारा पुरे, फक्त तळाचा अन् कोपऱ्यातला माल सोडू नका.